बाबांच्या सुराला बसेल असा सिंथेसायझर

आमच्याकडची माणसं काशीला जाऊन येतात, रामेश्वरला जाऊन येतात, पण वर्धेहून आर्वीला उगाच म्हणून कोणी जात नाही. ज्याचं बाजारात काम असतं किंवा ज्याची सोयरीक तिकडची असते तो सकाळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. मी आणि माझे बाबा मात्र मागच्या डिसेंबरात, म्हणजे सन पंच्याऐंशीच्या, आमच्याच जिल्ह्यात तीन दिवस हिंडलो. आधी खाली हिंगणघाट आणि समुद्रपूर, मग उलटं फिरून वर आर्वी. एवढ्याशा प्रवासाचं कोणी वर्णन लिहीत नाही हे मला माहीत आहे. पण आम्ही ज्या कामाला निघालो होतो त्या कामासाठी या जिल्ह्यात आमच्याआधी कोणी तिकीट काढलं नसेल. आम्हाला सिंथेसायझर घ्यायचा होता.

ज्यांनी ऑर्केस्ट्रा पाहिला आहे त्यांना हे यंत्र माहीत असेल. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, पण भाता नाही आणि हवा नाही. आत विजेची आंदोलनं होतात आणि तीच आवाज होऊन बाहेर येतात. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि वर्धेच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. विजेचा दाब वाढला की सूर चढतो आणि दाब उतरला की सूर उतरतो. यात आकडेमोड नाही, वीजच कमी-जास्त होते. अशा यंत्राला अ‍ॅनालॉग म्हणतात. आता आकड्यांवर चालणारी नवी यंत्रं येऊ लागली आहेत, ती माझ्यासारख्याच्या ऐपतीबाहेरची आहेत.

वर्धेला लागूनच पिपरी मेघ्यात आमचं तीन खोल्यांचं घर आहे. त्यातली मागची खोली मी रेकॉर्डिंगसाठी केली. भिंतींना चारी बाजूंनी कापसाच्या गाद्या टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. आमची सौ. म्हणाली, "माणसायले आंथराले गादी नाई अन् भिंतीले गाद्या! पाव्हणे आले तर भिंतीवर झोपवाचे काय?"

पण तिलाही ठाऊक होतं की ती खोली कशासाठी आहे. माझे बाबा भजन म्हणत. आवाज असा की समुद्रपूरच्या बाजारात बोलले तर वेशीवर ऐकू यावं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज कुजबुजीपुरता उरला. त्याआधी कधीतरी, मी कॉलेजात शिकत असताना, मित्राचा टेपरेकॉर्डर आणून त्यांचं एक भजन भरून ठेवलं होतं. त्या दिवशी पेटीवाला आला नाही म्हणून बाबा नुसतेच गायले. त्यांच्या आवाजाची तेवढी एकच कॅसेट आहे. ती लावली की बाबा तोंड फिरवून बसतात आणि कुजबुजतात, "उघडं वाटते." अंगावर कपडा नसताना कोणी पाहावं तसं त्यांना ते वाटे. त्या आवाजाखाली साथ भरायची, दुसरी कॅसेट करायची आणि मगच ती चारचौघांत लावायची, असं मी ठरवलं होतं. पहिली कॅसेट झिजत चालली होती, तेव्हा वेळही फार नव्हता.

आमच्या शेजारचे भगतगुरुजी पेटी चांगली वाजवतात. त्यांना बसवलं. त्यांनी दोन तास खटपट केली आणि भाता सोडून दिला. "तुमचे बाबा काळी एकच्या वर अन् पांढरी दोनच्या खाली गाऊन राह्यले," ते म्हणाले. "त्या जागी माझ्या पेटीत नुसतं लाकूड हाय."

म्हणून हा प्रवास. बाबांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा, मी पाहून येतो. त्यांनी पिशवीत खंजिरी टाकली आणि चपला घातल्या.

हिंगणघाट

सकाळची पॅसेंजर होती. डब्यात शेजारच्यांनी विचारलं, टेपरेकॉर्डर घेऊन कुठं निघाले? मी कॅसेट लावून दाखवली. मग पुढच्या बाकावरच्यांनी ऐकायचं म्हटलं, मग दाराजवळच्यांनी. हिंगणघाट येईपर्यंत ते भजन चार-पाचदा वाजलं. "हे गाणारे कोण?" असं कोणी विचारलं की मी बाबांकडे बोट दाखवायचो, आणि लोक कधी त्यांच्या तोंडाकडे पाहत, कधी गळ्यावरच्या व्रणाकडे. बाबा खिडकीतून वणा नदीकडे बघत बसले. मी फारच हुरळून गेलो होतो, हे आता लिहिताना कळतं.

स्टेशनाबाहेर तर्रीपोहे खाल्ले. हिंगणघाटची तर्री वर्धेपेक्षा लाल आणि वरून शेवही हात सैल सोडून घालतात. गिरणीचा भोंगा झाला तसा सगळा रस्ता सायकलींनी भरून गेला आणि दोन मिनिटांत रिकामाही झाला. असं शिस्तीचं गाव मला आवडतं.

वाद्यांच्या दुकानात मालकाच्या मेहुण्यानं दुबईहून आणलेला एक जपानी बाजा काचेच्या कपाटात होता. पांढराशुभ्र, हातभर लांब. एकाच वेळी आठ सूर वाजत. एक बटण दाबलं की आतूनच ढोल-झांजा सुरू होत, त्याचे दहा प्रकार.

"साहेब, वाजवणारा नसला तरी वाजते," मालक म्हणाला. "तुम्ही चहा प्या, हा वाजत राहील."

मी टेपरेकॉर्डर लावला आणि बाज्यावर काळी एक दाबली. काय सांगू! बाबांचा षड्ज आणि तो सूर दुधात साखर मिसळावी तसे एक झाले. भगतगुरुजींना जे दोन तासांत साधलं नाही ते इथं पहिल्या बोटात! मालकानं ठेका सुरू केला. बाबांनी खंजिरी काढून साथ धरली, तर दुकानातली दोन गिऱ्हाइकं उभी राहून ऐकू लागली. भजनात एका जागी बाबा थोडं थांबतात आणि मग पुढची ओळ घेतात. खंजिरी थांबली. यंत्राचा ढोल तसाच पुढं निघून गेला.

बाबांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "हा ऐकून नाई राह्यला."

"बाबा, ढोल बंद करता येतो," मी म्हटलं आणि खिशात हात घातला.

त्यांनी माझी बाही धरली. टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून मान हलवली. "हा मी नाई. मी असा जाड्या आवाजाचा नोतो. सेल पाय."

मालक हसला. मीही जरा चिडूनच शेजारच्या दुकानातून नवे सेल आणून घातले. आणि आवाज वर चढला. गाडीत मिरवण्याच्या नादात मीच सेल उतरवले होते, टेप हळू फिरत होती, म्हणून बाबा काळी एकात येऊन बसले होते. नव्या सेलांवर ते पुन्हा आपल्या जागी गेले, काळीच्या वर आणि पांढरीच्या खाली. त्या देखण्या बाज्याला सूर हलवायची सोयच नव्हती. पदार्थविज्ञान मी शिकलो आणि सेल बाबांनी ओळखले. दुकानाच्या पायऱ्या उतरताना मला फार लाज वाटली.

समुद्रपूर

समुद्रपूरला एस.टी. थांबली आणि बाबांची चाल बदलली. हे त्यांचं गाव. आमचं शेत जवळच आहे, पण बाबा बाजारात धान्याचे मापारीही होते. ज्यांनी जुनं माप पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आणि पुढचं माप पडेपर्यंत तोच आकडा म्हणत राहायचा, म्हणजे गणती चुकत नाही. बाकीचे मापारी नुसतं बडबडल्यासारखं म्हणत. बाबा गाऊन म्हणत. सकाळी ज्या सुरात लाभ म्हटलं, संध्याकाळी शेवटचं पोतं त्याच सुरात. त्यांचं शिक्षण दुसरीपर्यंत, पण कान असा.

स्टँडवरच एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हाक मारली. "अरे मापारीबुवा! दोन वर्सं झाले, कुठं गेलते?"

बाबांनी गळ्याला हात लावून दाखवला. म्हातारा पाहतच राहिला. मग डोक्यावरचा शेला काढून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "बाजार मुका झाला ना गा." एवढं बोलून तो आपल्या बैलगाडीकडे गेला. सांत्वनाची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

इथं आम्ही देविदासभाऊंकडे आलो होतो. रेडिओ दुरुस्त करतात, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी स्वतःच्या हातानं एक सिंथेसायझर बनवला आहे असं ऐकलं होतं. खरं सांगतो, मी जरा हसण्याच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी सागवानी पेटी उघडली आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली पितळेची पत्ती, आत जुन्या रेडिओतले भाग, आणि प्रत्येक सांधा असा स्वच्छ की आमच्या प्रयोगशाळेत न्यावा. इंग्रजी मासिकातली आकृती पाहून बनवलं, ते म्हणाले. इंग्रजी येत नाही, पण आकृतीला भाषा कशाला लागते?

त्यांनी वाजवलं. बासरीसारखा गोड सूर निघाला. एवढ्यात शेजारची पिठाची चक्की सुरू झाली आणि सूर हळूहळू खाली बसत गेला.

"हे असं हाय," देविदासभाऊ हसत म्हणाले. "चक्की लागली की माझा सा दळून निघते. स्वतःपुरतं ठीक. पन तुमच्या बाबांच्या कामाले हे मी इकणार नाई."

आपण बनवलेली वस्तू विकत घ्यायला गिऱ्हाईक दारात उभं असताना असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्याकडेच जेवलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. वर्धेत आता पाहुण्याला पोळी वाढतात आणि भाकरीची लाज बाळगतात. इथं भाकर वाढताना वहिनींनी "अजून एक" असं विचारलंसुद्धा नाही, सरळ ताटात टाकली.

जेवणानंतर भाऊंनी कॅसेट ऐकली, टेपरेकॉर्डर उलटा केला आणि म्हणाले, "याच्यावर इलाज सोपा हाय. मोटरीच्या बुडाशी एक पेच असते. जरासा फिरवला की टेप हळू चालते. बाबा काळी एकात येऊन बसतीन. मंग पेटीवाला बसवा का कोनीबी बसवा."

मला हे आधी सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. प्रवासच संपला! मी पेचकस हातात घेतलासुद्धा. बाबांनी टेपरेकॉर्डरवर पंजा ठेवला.

"माझ्या आवाजाले पेच लावू नको."

"बाबा, अर्ध्या पट्टीचाही फरक नाही. कोणाला कळणार?"

"मले."

मग माझाही तोल गेला. मी म्हटलं, तुमच्यासाठीच हे चाललं आहे, दुकानं पालथी घालतो आहे, रजा घालवतो आहे, आणि तुम्हाला इलाज दिला तर तोही नको. बाबांचा पंजा टेपरेकॉर्डरवरच होता. बोलू शकत असते तर माझ्या दुप्पट बोलले असते, हे लक्षात आलं आणि मी पेचकस खाली ठेवला.

देविदासभाऊंनी पेचकस परत डब्यात ठेवला. "आर्वीले जा," ते म्हणाले. "रमणशेठ म्हणून हाय, लोखंडाचं दुकान. आधी त्याचा ऑर्केस्ट्रा होता. त्याच्यापाशी एक जपानी बाजा पडून हाय, खऱ्या घुंड्यायचा. मी दोनदा उघडला हाय, माल चोख हाय. पन त्याच्यात एका टायमाले एकच सूर वाजते, म्हनून कोनी घेऊन नाई राह्यलं. त्याच्या सुराले खुंटी हाय, तंबोऱ्यासारखी. पाहून येजो."

आर्वी

रात्र पिपरीत काढून आम्ही पुलगावला आलो आणि तिथून आर्वीची लहान गाडी धरली. तिला लहान म्हणतात ते लाडानं नाही. रूळ हातभर जवळ, डबे बुटके, आणि वेग असा की एक माणूस उतरला, बांधावरच्या बोरीला दगड मारला, बोरं वेचली आणि पुन्हा चढला. दोन्हीकडे कापूस फुटलेला. आमच्या समुद्रपूरकडे बैल लालसर नि तिखट असतात. इकडचे गवळाऊ पांढरे, उंच, पाहत राहावं असे. एक बाई संत्र्याची टोपली घेऊन समोर बसली होती. तिनं बाबांना विचारलं, "काऊन हो, बोलत काऊन नाई तुमी?" मी सांगितलं. तिनं लगेच एक संत्रं सोलून फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. "गळ्याले गोड लागते," म्हणाली. पैसे घेतले नाहीत.

रमणशेठांकडे संध्याकाळी पोचलो. चाळिशीचा माणूस, पांढरा लेंगा, मात्र केस अजून ऑर्केस्ट्राच्या काळातलेच, कानांवर. आमच्याकडे पाहुण्याला आधी चहा विचारतात. आर्वीत आधी दूध आलं, पेलाभर, साय असलेलं. काम सांगितल्यावर ते म्हणाले, "मुक्कामाले राहा. सकाळी पाहू. थकल्या कानानं बाजा घेऊ नये."

सकाळी चांगलीच थंडी होती. गोदामात काटेरी तारेच्या भेंडोळ्यांमागून त्यांनी घोंगडीत गुंडाळलेला बाजा काढला. काळा, जेमतेम तीन सप्तकांचा, वर घुंड्याच घुंड्या. कोपरा फुटलेला. हिंगणघाटच्या पांढऱ्या बाज्यापुढे हा म्हणजे लग्नात भांडी घासायला आलेला वाटावा.

"आधी खोड सांगतो," रमणशेठ म्हणाले. "याच्यात दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजते. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या पोट्ट्यायनं याले एकडोळ्या नाव ठेवलं होतं."

माझं मन खट्टू झालं. कॉलेजच्या वाचनालयातल्या परदेशी मासिकात मी वाचलं होतं की जितके जास्त सूर एका वेळी वाजतील तितकं यंत्र चांगलं. मी तसं बोलून दाखवलं. बाबा मध्येच माझ्याकडे वळून कुजबुजले.

"मानसाच्या गळ्यातून एका टायमाले किती निघते?"

रमणशेठ मोठ्यानं हसले आणि त्यांनी बाजा लावला.

टेपरेकॉर्डरही विजेवर जोडला, सेलांचा घोळ नको म्हणून. बाबांचा आवाज सुरू झाला. रमणशेठांनी एक पट्टी दाबून ठेवली आणि डाव्या कोपऱ्यातली घुंडी सावकाश फिरवली. सूर काळी एकातून निघाला, वर सरकत गेला आणि मधल्या त्या जागी, जिथं गुरुजींच्या पेटीत लाकूड आहे, तिथं जाऊन उभा राहिला. मी डोळे मिटले. बसला! नेमका बसला.

आणि पाच मिनिटांत घसरला. आधी थोडी थरथर, मग सरळ बेसूर. रमणशेठांनी पुन्हा लावला, पुन्हा घसरला.

"ही दुसरी खोड," ते म्हणाले. "सांगणारच होतो."

मी कॅसेट काढून पिशवीत टाकली. उष्णतेनं आतले भाग आपले गुण बदलतात, हे मी प्रयोगशाळेत पोरांना रोज दाखवतो. असं यंत्र आमच्या वर्धेच्या उन्हाळ्यात काय करील? मी उठलो, चपला घातल्या. "बाबा, चला."

बाबा उठले नाहीत. ते बाज्याजवळ सरकले, एका बोटानं पट्टी दाबली आणि दुसऱ्या हातानं ती घुंडी धरली. सूर घसरला की ते केसाएवढी फिरवायचे. पुन्हा घसरला, पुन्हा फिरवली. तंबोरा लावतात तसं, कान खाली करून. गोदामात हमाल लोखंडाच्या सळया टाकत होते, खणखणाट चालला होता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. अर्धा तास झाला असेल. बाबांनी घुंडीवरून हात काढला. सूर तिथंच राहिला. आणखी दहा मिनिटं झाली, तरी तिथंच.

"तापला," बाबा कुजबुजले. "तव्यावानी हाय. थंड्या तव्यावर भाकर टाकतेत काय?"

रमणशेठ त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. "सहा वर्सं वाजवला मी," ते म्हणाले. "पडदा वर गेला की लागलीच सुरू कराचं, अन् घसरला की याले शिव्या द्याच्या. कधी अर्धा तास आधी लावला नाई." मग त्यांनी वाकून दुसरी एक घुंडी फिरवली. "काका, आता या पट्टीवरून त्या पट्टीवर जा. बोट उचलू नका."

बाबांनी सा वरून पंचमावर बोट नेलं. सूर उडी मारून गेला नाही. घसरत, वळत, मधल्या सगळ्या जागा चाटून वर गेला. पेटीला हे जन्मात जमणार नाही. ती मींड होती, गळ्यातली मींड.

बाबांनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. पुन्हा पुढे केला. पुन्हा सा वरून वर, पुन्हा खाली. मग जिथं ते थांबत असत तिथं थांबले, आणि भजनाची पुढची ओळ, शब्दांशिवाय, एका बोटानं, त्या फुटक्या कोपऱ्याच्या बाज्यातून निघाली. हमालांनी सळया खाली ठेवल्या. एकानं डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलं.

मी चपला पुन्हा काढल्या.

किंमत माझ्या दोन पगारांत बसली. आधी ठरलेल्यापेक्षा रमणशेठांनी कमीच घेतले आणि ती घोंगडीही ठेवून घ्या म्हणाले. भाव कमी करताना म्हणाले, "मी इकून नाई राह्यलो. देऊन राह्यलो."

परतताना

आर्वी डेपोतून वर्धेची एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, "हे सामान टपावर टाका." बाबांनी बाजा मांडीवर घट्ट धरला. कंडक्टर म्हणाला, "मंग याचं अर्धं तिकीट लागते." बाबांनी मान हलवून होकार दिला आणि दोन बोटं दाखवून तिसरं अर्धं दाखवलं. कंडक्टर घोंगडीत डोकावला. "वाजते काय?" बाबा कुजबुजले, "तापल्यावर." कंडक्टरला ते काय समजलं कोणास ठाऊक, त्यानं बाज्याचं तिकीट काही फाडलं नाही, उलट पुढची जागा करून दिली.

घरी आल्यावर आमची सौ. बाजा पाहून म्हणाली, "याले तर कोपराच नाई." दुसऱ्या दिवशी तिनंच त्या फुटक्या जागेवर कापडाची पट्टी शिवून लावली.

कॅसेट तयार झाली. साथ बाबांनीच वाजवली, एका बोटानं. स्वतःच्या आवाजाखाली स्वतःच. एक प्रत समुद्रपूरला देविदासभाऊंना पाठवली, एक आर्वीला. देविदासभाऊंनी निरोप पाठवला की त्यांनी ती बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर लावली, आणि तो स्टँडवरचा म्हातारा बैलगाडी थांबवून शेवटपर्यंत ऐकत बसला.

आता आमच्या गाद्यांच्या खोलीत बरीच मंडळी येतात. पिपरीचं महिला मंडळ येतं, भगतगुरुजी येतात, शेजारच्या गावचे शाहीर येतात. प्रत्येकाची पट्टी वेगळी. काम झाल्यावर घुंडी परत बाबांच्या सुरावर आणता यावी म्हणून मी तिच्यावर तांबड्या रंगाची बारीक खूण करून ठेवली, शास्त्रीय पद्धतीनं, रेषेला रेष जुळवून. ती खूण उपयोगाची नाही. थंडीत सूर तिच्या अलीकडे असतो, उन्हं तापली की पलीकडे जातो. यंत्र रोज थोडं चुकतं. त्यावर आमच्या प्रयोगशाळेत उपाय निघेल, एक-दोन भाग बदलावे लागतील, मी आकृतीही काढून ठेवली आहे.

पण मी ते करणार नाही. रोज सकाळी बाबा आंघोळ करून त्या खोलीत जातात, बाजा लावतात, अर्धा तास तापू देतात आणि मग घुंडी धरून बसतात. आम्ही चहा घेत असतो. भिंतीला गाद्या आहेत तरी तो सूर बाहेर येतोच, आधी इकडे-तिकडे होत, मग एका जागी थांबलेला. मग दार उघडून बाबा कुजबुजतात, "लागला." त्यानंतर घरातलं बाकीचं सगळं सुरू होतं.